एका नावात दोन नावं: जोडून लिहायची की तोडून?

आजचा विषय दिसायला एवढासा आहे. बाळाचं नाव दोन शब्दांचं ठेवलं, तर ते कागदावर लिहायचं कसं? जोडून, तोडून, की मध्ये आडवी रेघ देऊन? हा प्रश्न आमच्याच घरी आला होता आणि नेरूळच्या त्या घरात पंधरा दिवस दुसरं बोलणं नव्हतं.

आमच्या सुनेला मुलीचं नाव सई ठेवायचं होतं. आमच्या आईचं नाव तारा. ती आदल्याच वर्षी गेली, म्हणून तिचं नाव पणतीच्या नावात असावं अशी आमची इच्छा. सुनेनं मोठ्या मनानं दोन्ही नावं घेतली. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात दोन्ही सांगितली. तिथपर्यंत काही अडलं नाही, कारण कानात सांगताना मोकळी जागा ऐकू येत नाही. अडलं ते फॉर्म भरताना. आमचा आग्रह, ‘सई तारा’ असं सुटं लिहा. जोडलं की आई त्यात विरघळून जाते. मुलगा म्हणाला, ‘बाबा, सुटं लिहिलंत तर आजी नक्की हरवेल.’ त्याचं म्हणणं पटायला आम्हाला वेळ लागला. ते का पटलं, ते आज सांगणार आहोत.

आधी आपल्या नावांची रचना पाहू. गोपाळ कृष्ण गोखले हे नाव सगळ्यांना माहीत आहे. यात ‘कृष्ण’ कोण? अनेकांना वाटतं, गोपाळकृष्ण हे त्यांचंच नाव. तसं नाही. त्यांचं नाव गोपाळ. कृष्ण म्हणजे त्यांचे वडील कृष्णराव. आता मनोहर पर्रीकरांचं पूर्ण नाव घ्या: मनोहर गोपाळकृष्ण प्रभू पर्रीकर. इथे गोपाळकृष्ण हे एकाच माणसाचं, त्यांच्या वडिलांचं नाव. अक्षरं जवळजवळ तीच, पण पहिल्या नावात मोकळी जागा आहे म्हणून माणसं दोन; दुसऱ्यात नाही म्हणून माणूस एक. हरि नारायण आपटे म्हणजे नारायणरावांचे चिरंजीव हरि. तेच ‘हरिनारायण’ असं जोडून लिहिलं की तो एकच गृहस्थ होतो.

म्हणजे मराठी नावातली मोकळी जागा रिकामी नसते. ती नातं सांगते. डावीकडचा हा उजवीकडच्याचा मुलगा किंवा मुलगी, असं आपण न बोलता वाचतो. इतर अनेक ठिकाणी दोन सुटी नावं एकाच व्यक्तीची म्हणून सहज चालतात. आपल्याकडे दुसरा शब्द दिसला की वाचणारा त्याला वडील समजतो.

आता तर वडीलच नव्हे, आईसुद्धा. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत असं लिहायचं: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. निर्णय चांगलाच आहे. पण त्यात आमची ‘सई तारा’ बसवून बघा. समजा, आईचं नाव नेहा, वडिलांचं अमोल, आडनाव पाटील. ‘सई तारा नेहा अमोल पाटील.’ आता शाळेतल्या बाईंनी हजेरीपट भरताना काय समजायचं? मुलगी सई, आई तारा. मग नेहा कोण? आम्ही हे पाटीवर लिहून पाहिलं आणि गप्प बसलो. आमची आई नातवाची बायको होऊन बसली होती!

बरं, मध्ये आडवी रेघ दिली तर? कागदावर अर्थ स्पष्ट होतो, हे खरं. पण बरेच ऑनलाइन फॉर्म नावात अक्षरं आणि मोकळी जागा यापलीकडे काही घेत नाहीत. पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिथे रेघ असो की मोकळी जागा, दोन्हींच्या जागी एकच भरणचिन्ह येतं. म्हणजे माणसासाठी दिलेली रेघ यंत्राच्या हिशेबी मोकळी जागाच.

जोडलेलं नाव मात्र सगळीकडे एकसारखं उतरतं. आणि ते मराठीच्या स्वभावाला धरून आहे. सामासिक शब्द आपण जोडूनच लिहितो. सीताराम, उमाशंकर, लक्ष्मीनारायण या नावांत दोन-दोन देव सुखानं नांदतात आणि कोणी कोणात हरवत नाही.

‘श्री’च्या बाबतीत तर जोडणं फारच महत्त्वाचं. मुलाचं नाव श्रीराज असेल आणि तुम्ही ‘श्री राज’ लिहिलंत, तर पुढे कोणीतरी ‘श्री’ हे आदरार्थी समजून गाळणार. ‘राज कुमार’ सुटं लिहिलं तर कुठेतरी कुमार हे आडनाव होणार.

पण जोडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, दुसरं नाव स्वरानं सुरू होतंय का? शिव आणि अंश मिळून शिवांश होतो, तो ‘शिवअंश’ राहत नाही. संधी होऊन येणारं नाव तुम्हाला आवडतंय का, ते आधी मोठ्यानं म्हणून बघा. दुसरी, इंग्रजी स्पेलिंग. ‘सई’साठी एस, ए, आय लिहिलं की अनोळखी माणूस ‘साई’ वाचतो. म्हणून आम्ही ए नंतर दोनदा ई घेतली. स्पेलिंग कागदावर लिहून तीन परक्या माणसांना वाचायला द्या. तिघांनी तीन उच्चार केले तर पुन्हा विचार करा.

आता कचेरीची बाजू. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव मात्र त्याच वेळी द्यावं लागत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्यानुसार नाव नंतर भरता येतं: १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाई नाही. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, राहत्या पत्त्यावर नाही. नवी मुंबईकरांनी हे लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडे पहिलं बाळंतपण बऱ्याचदा माहेरी. आमची नात साताऱ्याची. त्यामुळे नाव भरायला तिथेच जावं लागलं. बेलापूरच्या महापालिका मुख्यालयात जाऊन उपयोग नव्हता. खारघर, कामोठ्यात जन्म झाला असेल तर २०१६ पासून तो भाग पनवेल महापालिकेत आहे, हेही ध्यानात असू द्या.

घाई नाही म्हटलं, पण हलगर्जी नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. दाखल्यात जसं नाव, तसंच आधारवर आणि शाळेत द्या. एकीकडे सुटं, दुसरीकडे जोडून असं झालं, की मोठेपणी ‘या दोन्ही व्यक्ती एकच’ असं त्या लेकराला प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं, नाहीतर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. आपण सोडलेल्या एका मोकळ्या जागेसाठी त्यानं का खेटे घालावेत?

तरीही कोणाला दोन नावं सुटीच हवी असतील तर? अवश्य ठेवा, पण दुसरं नाव कधीतरी गळेल किंवा कोणाचं तरी आई-वडील ठरेल, हे मान्य करून ठेवा. तिसरा मार्ग आपल्या परंपरेतच आहे. जन्मनाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं, हाकेचं तिसरंच, असं आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. प्रत्येक नाव कागदावर आलंच पाहिजे असं नाही.

आमच्याकडे शेवटी ‘सईतारा’ असं जोडून लिहिलं. व्याही गमतीनं म्हणाले, ‘बघा, नावात आमचा सातारापण आला!’ दाखला हातात आला तेव्हा आम्ही चष्मा पुसून आधी शेवटची दोन अक्षरं वाचली. होती जागेवर. घरी सून तिला सई म्हणते, आम्ही तारा म्हणतो, आणि ती दोन्ही हाकांना वळून बघते.

तुमच्या घरात असं नाव ठरत असेल तर आज रात्री एवढंच करा. बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि आडनाव एका ओळीत लिहा आणि घराबाहेरच्या कोणालातरी विचारा, ‘यात बाळ कोण, आई कोण?’ त्यानं न अडखळता सांगितलं, तर तुमचं नाव बरोबर लिहिलं गेलंय.

आता प्रश्न घेऊ या.