तीन राज्यांच्या वेशीवरचं उदगीर

उदगीर म्हटलं की शाळेतला इतिहास आठवतो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवराव भाऊंनी इथे निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना या लढाईत गाजला. वर्षभरातच पानिपत झालं आणि उदगीरचा विजय झाकोळला. लढाई मात्र चार दिवसांची, गाव जगलं ते बाजारपेठेवर.

गावाला जुना भुईकोट किल्ला आहे, भोवती खोल खंदक. ज्यांच्यावरून गावाचं नाव पडलं असं मानतात, त्या उदागीरबाबांचं स्थान याच किल्ल्यात आहे. पण खरं उदगीर कळतं ते मोंढ्यात. आसपासच्या खेड्यांतून तूर, हरभरा, सोयाबीन इथे येतं. आडत्यांकडे मालाचे सौदे होतात आणि तूर इथल्याच डाळ मिलमध्ये भरडली जाते. दुधाला आणि शेतकामाला दोन्हीकडे चालणारी देवणी गाय याच भागातली. गावात पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

निजामाच्या राज्यात उदगीर हा बिदर जिल्ह्यातला तालुका. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि शेजारच्या गावात कन्नड. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि या एका जिल्ह्याचे तीन वाटे पडले. बिदर, भालकी म्हैसूर राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्यात. उदगीर आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, १९८२ पासून लातूरमध्ये आहे. तालुके वाटता आले, सोयरिकी कशा वाटणार? आजही इथल्या मराठीत दखनी आणि कन्नड शब्द सहज येऊन जातात. २०२२ साली ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं, अध्यक्ष होते भारत सासणे.

हैदराबादच्या मराठी माणसाला 'तुम्ही महाराष्ट्रातून इकडे कधी आलात?' असं नेहमी विचारतात. आपल्यातली कितीतरी घरं कुठूनच 'आली' नाहीत. उदगीरहून राजधानीत शिकायला, नोकरीला यावं इतकी साधी ती गोष्ट होती. सीमा नंतर आखली गेली.

परळी वैजनाथला जाणारी आपली गाडी विकाराबाद, बिदर करत उदगीरला थांबते. पुढच्या खेपेला तिथे एक दिवस उतरा, मुलांना किल्ला दाखवा, मोंढ्यातून फिरवून आणा. आणि निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना आपला जुना तालुका कोणता, ते जरूर विचारा.