दैनंदिन जीवन, स्थानिक वारसा आणि छोटा पडदा : ब्रिटिश दूरचित्रवाणीची परंपरा आणि सातारा-सांगलीचा अनुभव

सारांश

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर माहितीपट आणि विनोदी मालिका या दोन्ही प्रकारांनी सामान्य माणसाचे रोजचे जगणे व गावोगावचा वारसा यांना सातत्याने स्थान दिले. प्रस्तुत लेखात या परंपरेमागील संस्थात्मक कारणे स्पष्ट करून त्या पार्श्वभूमीवर सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या दृश्यमाध्यमातील चित्रणाचा विचार केला आहे. या भूभागाकडे विषयांची व विनोदाची समृद्ध परंपरा असतानाही तो दीर्घकाळ पडद्यावर स्वतःच्या नावाने व बोलीने का आला नाही, आणि आला तेव्हा कोणते प्रश्न उभे राहिले, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : माहितीपट, विनोदी मालिका, स्थानिक वारसा, बोली, संमती, माणदेश.

प्रस्तावना

वारसा म्हटला की सर्वसाधारणपणे किल्ले, मंदिरे, घाट आणि वाडे डोळ्यांसमोर येतात. परंतु बाजाराच्या दिवशीची भाषा, पारावरची चेष्टा, जत्रेतील मानपान, एखाद्या कारागिराच्या हाताची सवय या गोष्टीही वारशातच मोडतात. पहिल्या प्रकारच्या वारशाला दगडाचा आधार असतो. दुसरा प्रकार माणसांच्या बोलण्याचालण्यात टिकून असतो व माणसांबरोबरच नाहीसा होतो. या दुसऱ्या प्रकारच्या वारशाची नोंद ठेवण्याचे सामर्थ्य दृश्यमाध्यमात विशेषत्वाने आहे. मात्र ही नोंद कोण करतो, कोणाच्या भाषेत करतो आणि त्यातील हसू कोणाच्या बाजूचे असते, यावर तिचे मोल ठरते.

ब्रिटिश परंपरेचे स्वरूप

ब्रिटनमध्ये माहितीपटाची चळवळ दूरचित्रवाणीच्या आधी उभी राहिली. जॉन ग्रिअर्सन यांच्या 'ड्रिफ्टर्स' (१९२९) या चित्रपटाचा विषय उत्तर समुद्रातील हेरिंग मासेमारी हा होता. कष्टकरी माणसाचे रोजचे काम हा पडद्यावर दाखविण्याजोगा विषय आहे, हा विचार त्यातून रुजला. १९३६ मध्ये बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली आणि पुढे ही दृष्टी तिच्याकडे आली.

तथापि या परंपरेला खरी प्रादेशिक धार आली ती १९५५ मध्ये सुरू झालेल्या आयटीव्हीमुळे. या व्यापारी वाहिनीची रचना प्रदेशवार परवान्यांवर आधारलेली होती. त्यामुळे मँचेस्टरच्या ग्रॅनडा या कंपनीला उत्तर इंग्लंडच्या प्रेक्षकांसाठी तेथेच कार्यक्रम घडवावे लागले. याच कंपनीने १९६० मध्ये 'कॉरोनेशन स्ट्रीट' ही एका कामगार गल्लीची मालिका सुरू केली आणि १९६४ मध्ये 'सेव्हन अप!' हा माहितीपट दाखविला. निरनिराळ्या सामाजिक थरांतील सात वर्षांच्या मुलांना त्यात बोलते करण्यात आले. पुढे मायकेल ॲप्टेड दर सात वर्षांनी त्याच व्यक्तींकडे जात राहिले व ही मालिका २०१९ मध्ये '६३ अप'पर्यंत पोहोचली. प्रादेशिक बोली पडद्यावर येण्यामागे केवळ लेखकांची संवेदनशीलता नव्हती, तर निर्मितीचे केंद्र राजधानीबाहेर असणे हे ठोस कारण होते, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

विनोदी मालिकांनी हेच काम वेगळ्या मार्गाने केले. 'डॅड्स आर्मी' (१९६८ ते १९७७) या मालिकेत दुसऱ्या महायुद्धातील एका लहानशा किनारी गावाचे स्थानिक रक्षकदल आहे. बँकेचा व्यवस्थापक, खाटीक, दफनविधीचा व्यवसाय करणारा अशी गावातील नेहमीची माणसे त्यात शिपाई होतात. युद्धस्मृतीसारखा गंभीर विषय विनोदाच्या आधारे घरोघर पोहोचला. 'लास्ट ऑफ द समर वाइन' (१९७३ ते २०१०) या मालिकेत यॉर्कशरमधील होमफर्थ गावच्या परिसरात भटकणारी उतारवयातील माणसे आहेत. 'टाइम टीम' (१९९४ ते २०१४) या कार्यक्रमात पुरातत्त्वज्ञ तीन दिवसांत एखाद्या स्थळाचे उत्खनन करीत आणि त्यांच्या मागे उभे राहून प्रेक्षकही पाहत असे. 'डिटेक्टरिस्ट्स' (२०१४ ते २०१७) या मालिकेत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या दोन मित्रांची ही गोष्ट मैत्रीविषयी जितकी आहे, तितकीच पायाखालच्या मातीतील इतिहासाविषयी आहे.

या साऱ्या कृतींना जोडणारा धागा म्हणजे तपशिलावरील निष्ठा. माहितीपट तपशील जमवितो व विनोद त्या तपशिलातील विसंगती दाखवितो. गाव नीट ठाऊक असल्याखेरीज दोन्ही साधत नाहीत. अर्थात या परंपरेवर टीकाही झाली आहे. रॉबर्ट ह्युइसन यांनी १९८७ मध्ये 'द हेरिटेज इंडस्ट्री' या ग्रंथातून वारशाच्या बाजारीकरणाची चिकित्सा केली. होमफर्थ गाव मालिकेमुळे पर्यटनस्थळ झाले, तेव्हा चित्रीकरणाने जपलेले गाव आणि चित्रीकरणाने बदललेले गाव यांतील सीमारेषा पुसट झाली.

मराठी दूरचित्रवाणी आणि दक्षिण महाराष्ट्र

मराठीचा या परंपरेशी संबंध आरंभापासूनचा आहे. दिल्लीत १९५९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय दूरचित्रवाणी सेवेच्या पहिल्या निर्मात्यांपैकी पु. ल. देशपांडे हे एक होत. त्यांनी या माध्यमाचे धडे बीबीसीत घेतले होते आणि त्या मुक्कामाचे फलित म्हणून 'अपूर्वाई' हे प्रवासवर्णन मराठीला लाभले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्याला पडद्यावर आणले. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेतून दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी साकारलेले चिमणराव व गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले.

परंतु येथेच एक मर्यादा स्पष्ट होते. चिमणरावांचे जग पुण्याच्या मध्यमवर्गीय घराचे होते. कृष्णाकाठच्या किंवा माणदेशच्या घराला असे स्वतःचे चिमणराव लाभले नाहीत. निर्मितीचे केंद्र मुंबईत असल्याने कलावंत, भाषा आणि प्रसंग तेथूनच निवडले जाणे स्वाभाविक होते. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून कार्यरत असल्याने या परिसराला स्वतःचा आवाज मिळाला, पण त्या आवाजाला जोडून चित्र आले नाही.

ही उणीव विषयांच्या अभावामुळे निर्माण झाली असे म्हणता येणार नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' सादर केले ते सांगलीत. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'माणदेशी माणसं' व 'बनगरवाडी' या कृतींत आजच्या सांगली जिल्ह्यातील माणदेशाचे जे चित्रण आहे, त्यात माहितीपटाचा नेमकेपणा आणि विनोदाची मायाळू नजर एकाच वेळी आढळते. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांच्या तमाशाचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी रंगविलेले दोन हवालदार हे सत्तेच्या सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाचे चित्र होते. साहेबापुढे वाकणारा आणि गावापुढे ताठणारा हा शिपाई प्रेक्षकांच्या रोजच्या अनुभवातला होता. एकमेकांसारख्या दिसण्यातून होणारा गोंधळ हे हसण्याचे निमित्त असले तरी हसू सत्तेच्या दिशेने वळविलेले असे. इंग्लंडमधील 'डॅड्स आर्मी'चा विनोदही याच जातीचा आहे. फरक एवढाच की, तिकडे त्याची चित्रफीत जपली गेली व पुन्हापुन्हा दाखविली गेली. इकडे राहुटी उठली की प्रयोग संपत असे.

दुसऱ्याच्या नावाने पडद्यावर आलेला भूभाग

सातारा जिल्हा पडद्यावर दिसलाच नाही असे नाही. 'गंगाजल' (२००३) या चित्रपटात वाई परिसर बिहार म्हणून आला. 'स्वदेस' (२००४) मध्ये मेणवली हे उत्तर भारतातील चरणपूर झाले. ज्या घाटावर नाना फडणीसांच्या वाड्याचा व कृष्णेचा इतिहास आहे, तो घाट कोट्यवधी प्रेक्षकांनी दुसऱ्याच गावाच्या नावाने पाहिला. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाची कथाही अशीच आहे. औंध संस्थानातील या प्रयोगावर आधारित 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट जगभर गाजला, पण त्याचा उगम या दुष्काळी माळावर आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रीकरणातून रोजगार मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि पार्श्वभूमी म्हणून वापरले जाणे आणि विषय म्हणून पाहिले जाणे यांत मूलभूत अंतर आहे.

या दृष्टीने 'लागिरं झालं जी' (२०१७ ते २०१९) ही मालिका महत्त्वाची ठरते. सैन्यात जाण्याची परंपरा हा सातारा जिल्ह्याचा जिवंत वारसा असून अपशिंगे (मिलिटरी) या गावाच्या नावातच तो सामावलेला आहे. तेजपाल वाघ यांनी लिहिलेल्या या मालिकेने ती परंपरा कथेच्या केंद्रस्थानी आणली आणि साताऱ्याची बोली मुख्य पात्रांच्या तोंडी दिली. तोवर अशी बोली बहुधा नोकर, गडी किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला येई. नायक-नायिकेने ती बोलणे हा लहानसा वाटला तरी अर्थपूर्ण बदल होता. दैनंदिन मालिकेचे गणित मात्र नित्य नव्या संकटाची मागणी करते. त्यामुळे संथ रोजचे जगणे मागे पडून कारस्थाने पुढे येतात, ही या प्रकाराची अंगभूत मर्यादा आहे. याच सुमारास यूट्यूबवर आलेल्या 'गावाकडच्या गोष्टी' या मालिकेने वाहिनीच्या मध्यस्थीवाचून सातारा परिसरातील तरुणांचे गाव दाखविले. निर्मितीचे केंद्र जागेवर आले की भाषा आपोआप जागेवर येते, या ब्रिटिश अनुभवाचा हा स्थानिक पडताळा होय.

नजर कोणाची ?

बाहेरची नजर कशी चुकू शकते, याचा धडा सांगलीने जगाला दिला आहे. २०१० मध्ये एका ब्रिटिश पत्रकार महिलेने देवदासी प्रथेवर केलेला 'प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड' हा माहितीपट आंतरजालावरील एका वाहिनीने प्रसारित केला. सांगलीतील वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या सदस्य स्त्रिया त्याच्या विषय होत्या. 'संग्राम' या संस्थेच्या कार्यातून उभी राहिलेली ही संघटना १९९६ पासून स्वतःच्या हक्कांसाठी बोलत आली आहे. माहितीपट पाहिल्यानंतर या स्त्रियांनी आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, खासगी बाबी उघड करण्यात आल्या, असा आक्षेप घेतला आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून उत्तरादाखल चित्रफीत प्रसारित केली. ज्यांना केवळ पाहिले जाणार होते त्यांनी पाहणाऱ्याला प्रश्न विचारले. माहितीपटाच्या नीतिशास्त्राचा अभ्यास करताना महाविद्यालयीन वर्गात यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

लोकप्रथांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. खंडाळा तालुक्यातील सुखेड व बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. 'बोरीचा बार' या नावाने ही प्रथा ओळखली जाते. अजब प्रथा म्हणून दोन मिनिटांच्या बातमीत ती दाखविणे सोपे आहे. परंतु एरवी तोंडावर पदर घेण्याची अपेक्षा ज्या स्त्रियांकडून केली जाते, त्यांना वर्षातून एक दिवस उघड आवाज देणारी ही रचना आहे, हे समजण्यासाठी त्यांच्याशी आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बोलावे लागते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी हे आणखी गुंतागुंतीचे उदाहरण आहे. जिवंत नागाची पूजा ही गावाची श्रद्धा आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नागाला मिळालेले संरक्षण यांचा संघर्ष मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला व जिवंत नागांच्या मिरवणुकीवर बंधने आली. गावाला मागास ठरविणारा माहितीपट आणि कायद्याला खलनायक ठरविणारा माहितीपट हे दोन्ही सारखेच अपुरे ठरतात.

महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प व भारतीय ज्ञानपरंपरा यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. हे प्रकल्प बहुतेकदा छापील अहवालापुरते मर्यादित राहण्याचा धोका आहे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतची प्रक्रिया मात्र कारागिरांच्या हातात आणि कानात आहे. ती शब्दांपेक्षा चित्रफितीत अधिक नेमकी उतरते. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या सामुदायिक रेडिओ केंद्राने स्थानिक आवाजाची अशी जपणूक साध्या साधनांनी होऊ शकते हे दाखविले आहे. शिवाय २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठी जे घडले ते पाहता, कागदावरील व माणसांच्या स्मरणातील नोंदी किती असुरक्षित आहेत हे वेगळे सांगावयास नको.

वरील विवेचनाच्या आधारे अशा प्रकल्पांसाठी चार पथ्ये सुचविता येतील. पहिले, चित्रीकरणापूर्वी संमती घेणे पुरेसे नसून संपादित चित्रफीत संबंधितांना दाखवून पुन्हा संमती घ्यावी. दुसरे, बोलीचे प्रमाणीकरण करू नये. आवश्यक तेथे प्रमाण मराठीत उपशीर्षके द्यावीत. तिसरे, गाव, तारीख व प्रसंग यांची अचूक नोंद चित्रफितीसोबत ठेवावी. चौथे, तिची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात व एक प्रत त्या गावात राहावी.

निष्कर्ष

१. दैनंदिन जीवनाचे सकस चित्रण हे व्यक्तिगत प्रतिभेइतकेच निर्मितीकेंद्राच्या स्थानावर अवलंबून असते, हे ब्रिटिश व मराठी या दोन्ही अनुभवांतून दिसते.

२. सातारा-सांगलीत साहित्य, तमाशा व लोकप्रथा यांतून विनोदाची आणि निरीक्षणाची परंपरा समृद्ध होती. तिचे दृश्य दस्तऐवजीकरण मात्र तोकडे राहिले.

३. पडद्यावर दिसणे म्हणजे प्रतिनिधित्व मिळणे नव्हे. नाव, बोली आणि संमती या तीन गोष्टींवर प्रतिनिधित्व ठरते.

४. माहितीपट व विनोद हे परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत. गावासोबत हसणारा विनोद नोंदीला जिवंत ठेवतो, गावाला हसणारा विनोद नोंदच विकृत करतो.

समारोप

'सेव्हन अप!'मधील मुले पुढे साठी ओलांडेपर्यंत पडद्यावर येत राहिली, कारण कोणीतरी त्यांच्याकडे परत जात राहिले. हे परत जाणे व्यापारी वाहिनीला सहसा परवडत नाही. महाविद्यालयाला ते शक्य असते, कारण ते त्याच परिसरात असते आणि त्याच गावांतील मुले दरवर्षी नव्याने त्याच्या वर्गात येत असतात.