गोदाकाठचं पाणथळ काय काम करतं?

पावसाळ्यात बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: नांदूरमधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक पाणी सोडलं. ते ऐकून मराठवाड्यातल्या बाया सुखावतात, आणि निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीच्या बाया धान्याची पोती उंचावर ठेवायला लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, चौदा-चौदा लिटरच्या दोन घागरी. हजार क्युसेक म्हणजे ‘एक’ म्हणेपर्यंत दोन हजार घागरी पुढे गेल्या. हा आकडा जिथला सांगतात, तिथे बंधारा तर आहेच, शिवाय पक्ष्यांचं अभयारण्यही आहे. आज त्या जागेबद्दल बोलू. पक्ष्यांबद्दल थोडं, चिखलाबद्दल जास्त.

नाशिक शहरातून गोदावरी खाली येते. वाटेत तिला दारणा मिळते आणि नांदूरमधमेश्वरला कादवा. या संगमावर शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, इंग्रज अमलात, दगडी बंधारा बांधला. हेतू साधा होता. सह्याद्रीच्या पलीकडे धो धो पाऊस, अलीकडे पावसाची ओढ. म्हणून पाणी अडवून कालव्यांनी कोपरगावकडच्या कोरड्या गावांना द्यायचं. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणाच्याच मनात नव्हता.

पण नदी अडली की तिचा वेग मरतो, आणि वेग मेला की हातातलं ओझं ती खाली ठेवते. वरच्या शेतांची माती वर्षानुवर्षं इथे बसत गेली. बेटं तयार झाली, उथळ डबकी झाली, दलदल झाली. आपण जिला मळई म्हणतो तशी जमीन झाली. जवळच्या एका गावाचं नावच खानगाव थडी आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. चापडगाव, मांजरगाव, कोठुरे ही सगळी याच पाण्याच्या शेजारची गावं.

उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत जातं. शेवाळ, पाणवनस्पती, किडे, शिंपले, मासे, सगळं वाढतं. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना आणखी काय हवं? इथे 240 हून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. चित्रबलाक, चमचा, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी. आणि वारकरी! काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, दिंडीसारखा थव्याने पाण्यावर. ज्याने हे नाव ठेवलं त्याची नजर पक्की होती. 1986 साली सुमारे 100 चौरस किलोमीटर भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातलं 1437 हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकर पाणथळ पुढे रामसर यादीत गेलं. 1971 मध्ये इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, त्याची ही यादी. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली ही पहिली जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी तिच्यानंतर.

आता चिखलाचं काम. पाणकणीस, लव्हाळा, देवनळ या वनस्पतींची मुळं चिखलात हवा पोचवतात. त्या मुळांभोवती सूक्ष्म जीव राहतात आणि पाण्यातली घाण खातात. शेतातून वाहून आलेलं युरियाचं, सुपरफॉस्फेटचं खत या वनस्पती शोषून घेतात. गढूळ पाणी इथे थांबतं, गाळ तळाला बसतो, वरचं निवळ पाणी पुढे जातं. हंड्यावर आपण फडकं बांधतो ना, तसंच, फक्त हे फडकं साडेतीन हजार एकरांचं. थांबलेलं पाणी जमिनीत मुरतं, म्हणून काठच्या विहिरी उन्हाळ्यात जरा उशिरा तळ गाठतात.

मात्र फडक्यातून काय अडतं आणि काय नाही, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. फडकं काडीकचरा अडवतं, खारटपणा अडवत नाही. इथेही तसंच. नाशिक मोठं कारखान्यांचं शहर आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या भागातून येणारी नासर्डी, जिला नंदिनी असंही म्हणतात, गोदावरीला मिळते. लाखो घरांचं सांडपाणी त्यात असतंच. संडास-मोरीची घाण सूक्ष्म जीव खाऊ शकतात, तीही बेताची असली तर. पण धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात क्रोमियम, निकेल असे जड धातू असतात. ते कुठलाच जीव पचवून संपवू शकत नाही. ते गाळाला चिकटतात आणि तिथेच राहतात, किंवा मुळांवाटे झाडात आणि गाळातल्या किड्यांवाटे माशात जातात. म्हणजे पाणथळ त्यांना साफ करत नाही, साठवतं. पाणथळ खालच्या अंगाला आहे म्हणून शहराने वरून काहीही सोडावं, हा हिशेब चुकीचा आहे. कारखान्याचं पाणी कारखान्यातच साफ झालं पाहिजे. कायदाही तेच सांगतो.

घाण वाढली हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, जलपर्णी पुरते. आपल्याकडे तिला पाणवेलीही म्हणतात. निळ्या-जांभळ्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असलं, ऊन चांगलं असलं की दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिच्या दाट थराखाली ऊन पोचत नाही, हवा मिसळत नाही, मासे गुदमरतात. डास मात्र मजेत. पाऊस झाला की हीच जलपर्णी वाहत येऊन पुलांना अडते आणि पाण्याची वाट बंद करते.

आम्हाला बचतगटांच्या बाया विचारतात, जलपर्णीचं खत करू का? होतं, चांगलं होतं. फुलावर यायच्या आत काढायची, कारण बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं. उन्हात पसरून सुकवायची, तिच्यात बहुतेक पाणीच असतं. मग शेण आणि पालापाचोळा घालून कुजवायची. पण कारखान्याचं पाणी मिसळत असलेल्या नदीतली असेल, तर ती जड धातूही शोषते. अशा जलपर्णीचं खत भाजीपाल्याला घालायच्या आधी तपासून घ्या, आणि गुरांना तर घालूच नका.

गाळाचा आणखी एक वाद आहे, तो लपवून चालणार नाही. ज्या गाळामुळे पक्षी आले, त्याच गाळामुळे बंधाऱ्यात पाणी मावायची जागा कमी झाली. वरची गावं म्हणतात, गाळ काढा, पूर आमच्या घरात येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये चांदोरी-सायखेड्याने काय सोसलं ते महाराष्ट्राने पाहिलं. पक्षिप्रेमी म्हणतात, उथळ जागा खणू नका. आम्हाला दोघांचंही पटतं. पाणथळ लहान-मध्यम पुराचं पाणी पसरवून धरतं. पण गंगापूर, दारणा, पालखेड अशा वरच्या धरणांतून एकदम विसर्ग सुरू झाला, तर कुठलंच पाणथळ पुरं पडत नाही. नदीचा मुख्य प्रवाह जिथे कोंडला आहे तिथला गाळ काढणं आणि काठची उथळ दलदल राखणं, या दोन गोष्टी एकत्र होऊ शकतात. त्यासाठी दोन्ही बाजूंनी एका नकाशासमोर बसावं लागेल. त्या बैठकीत बाया असाव्यात, कारण पुरानंतर घरातला चिखल काढतं कोण?

नकाशावरून आठवलं. पाटबंधारे खातं पूररेषा आखतं. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नसतं. स्वस्त मिळतो म्हणून तिथला प्लॉट घ्यायच्या आधी तलाठ्याला आणि पाटबंधारे कार्यालयात रेषा विचारा.

आता शेवटचं, रोजच्या पाण्याचं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाचजणी कोण आहेत, ग्रामसेवकांना विचारा. किटने नायट्रेट, क्षार, क्लोरीन, जंतू अशा गोष्टी कळतात. क्रोमियमसारखे जड धातू त्या किटवर सहसा कळत नाहीत. नदीकाठच्या विहिरीवर गावाची योजना असेल तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगा आणि जड धातूही तपासा असं अर्जात स्पष्ट लिहा. एकदा उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, आणि एकदा पावसाळ्यानंतर असे दोन नमुने द्या. पाणी कमी असतं तेव्हा घाण दाट असते. आलेला कागद ग्रामसभेत वाचून दाखवा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि एक झेरॉक्स गटाच्या दप्तरात ठेवा.