कायद्याची आकृती

बर्फ, पाणी आणि वाफ या पाण्याच्या तीन अवस्था तुम्हांला ठाऊक आहेत. एक अवस्था जाऊन दुसरी कोणत्या अटीवर येते, हेही तुम्ही शिकला आहात. हीच रीत कायद्यालाही लावता येते!

समजा, विष्णुपुरीच्या एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून ती अर्ज करते. तिच्या पाठीशी ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ हा कायदा आहे. त्याच्या कलमांतील नामे आधी वेचा : पात्र व्यक्ती, अर्ज, पदनिर्देशित अधिकारी, सेवा, कालमर्यादा. हे झाले घटक. मग क्रियापदे पाहा : अर्ज करणे, पोच देणे, सेवा देणे, लेखी कारण देऊन फेटाळणे, अपील करणे. हे झाले संबंध. घटकांचे चौकोन काढून ते बाणांनी जोडले, की कायद्याचे प्रतिमान तयार होते. अशा प्रतिमानावरूनच संगणकाची प्रणाली रचता येते.

मुदत १५ दिवसांची आहे असे धरू. पण दिवस केव्हापासून मोजायचे? आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून, असे कायदा सांगतो. म्हणून ‘अर्ज आला’ आणि ‘अर्ज परिपूर्ण झाला’ या दोन निराळ्या अवस्था मानल्या पाहिजेत. नाहीतर घड्याळ चुकीच्या वेळी सुरू होईल.

याहून मोठी चूक पुढेच आहे. दाखला मिळेल किंवा नाकारला जाईल, असे समजून आपण दोनच बाण काढले तर? मुदत संपली आणि उत्तरच आले नाही, ही तिसरी शक्यता निसटली! कायद्याने मात्र ती सोडलेली नाही. मुदत उलटल्यावरही ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. पुढे दुसरे, आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. आकृतीत हा बाणच नसेल, तर पडद्यावर अपिलाची सोयही नसेल. त्या मुलीचा हक्क कागदावरच राहील.

तेव्हा प्रत्येक अवस्थेपाशी थांबून विचारा : येथून किती वाटा फुटतात, आणि प्रत्येक वाट कोणत्या कलमाने दिली? ज्या बाणाला कलमाचा आधार नाही, तो खोडा. ज्या कलमाचा बाण राहिला, तो नव्याने जोडा.

अर्थात सारेच आकृतीत मावत नाही. ‘पुरेसे कारण’ असेल तर अपील ९० दिवसांपर्यंतही स्वीकारता येते. कारण पुरेसे आहे की नाही, याचा निवाडा यंत्रावर सोपवता येत नाही. त्या चौकोनात माणूसच बसवावा लागतो.

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे नियम घेऊन अशी आकृती काढून पाहा. पुस्तक हरवले, तर बाण कोठे जातो?