आधी संडास, मग रंग!

दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे झोपतात, त्या घरातल्या मुलालाच वसतिगृहाची किंमत कळते. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे १९२५ साली सोलापूरला मुलांचे वसतिगृह सुरू केले, ते उगीच नव्हे. फी कशीबशी भरता येईल, पण रात्री दिव्याखाली बसायला जागा कुठून आणणार?

आमच्या तालुक्याच्या गावचे वसतिगृह असेच. आमच्या पिढीतले कितीतरी शिक्षक, कारकून, कंडक्टर तिथूनच बाहेर पडले. गेल्या वर्षी मार्चमध्ये गेलो आणि पाहून जीव कळवळला. गच्ची गळून भिंतींना पोपडे आलेले. वायरी उघड्या. चाळीस मुलांत दोनच संडास चालू, तेही तुंबलेले. अकरावीचा एक मुलगा ट्रंक घेऊन निघाला होता. म्हणाला, "ढेकणांनी झोप नाही सर, अभ्यास कसला होतोय? गावी जातो, बापासंगं वीटभट्टीवर."

आम्ही माजी विद्यार्थी जमलो. वर्गणी बऱ्यापैकी झाली. पण पहिल्याच बैठकीत ठरले काय? तर १४ एप्रिलपूर्वी निळा रंग आणि दारात कमान! मुलांना कुणी विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा एक जण चाचरत बोलला, "आधी संडास करा."

संडासची टाकी वर्षानुवर्षे उपसलेली नव्हती. मैला उपसणाऱ्या गाडीचा खर्च ऐकून आमच्यातलाच एक पदाधिकारी म्हणाला, "पोरं दणकट आहेत, उतरतील आत. तेवढेच पैसे वाचतील." दोघे-तिघे तयारही झाले. तेवढ्यात नगरपालिकेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा उठले. त्यांचा नातू तिथेच राहतो. म्हणाले, "माझा जोडीदार असल्याच टाकीत उतरला, तो वर आला नाही. पोरं शिकायला ठेवलीत की टाकीत उतरवायला?"

सभा गप्प झाली. टाकीतला वायू माणसाला एका श्वासात आडवा करतो, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. संरक्षणाशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्यातल्या वकिलाला ठाऊक होते, पण तोही तोवर बोलला नव्हता! कमान रद्द झाली. त्या पैशांत गाडी आली आणि बंद पडलेले चार संडास नव्याने बांधले.

मग मे महिनाभर काम चालले. गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवला होता. बोधिवृक्ष म्हणून कुणी हात लावीना, आणि मुळांनी भिंत मात्र फुटत चाललेली! नुसता वरून छाटला तर तो पुन्हा फुटतो, म्हणून गवंड्याने गिलावा फोडून मुळासकट काढला. तो आता मैदानात लावला आहे. तुंबलेले पन्हळ मोकळे केले तेव्हा निम्मी गळती थांबली. वायरिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतले, तिथे काटकसर केली नाही.

ढेकणांचे काम मुलांनी हाती घेतले. एकच खोली साफ केली तर ढेकूण शेजारच्या खोलीत जातात, म्हणून साऱ्या खाटा एकाच दिवशी अंगणात काढल्या आणि सांध्यासांध्यांत उकळते पाणी ओतले. कपडेही उकळत्या पाण्यातून काढले. दहा दिवसांनी पुन्हा तेच, कारण अंडी राहतात. वस्तीतल्या आयाबहिणींनी गाद्यांच्या जुन्या खोळी उसवून नव्या शिवल्या. त्यांचा चहाच तेवढा आमच्याकडे होता.

पाण्याची टाकी घासून, ब्लीचिंग पावडरचे पाणी रात्रभर ठेवून सोडून दिले. आता दर तीन महिन्यांनी ती धुवायची, असे मुलांच्या समितीने ठरवले आहे. पाळीचा कागद त्यांनीच भिंतीला लावला. त्यात रेक्टरसाहेबांचेही नाव आहे. साहेब थोडे नाराज झाले, पण सही केली.

रंग अजून लागलेला नाही. बाहेरून इमारत आहे तशीच काळवंडलेली दिसते, आणि येणारे-जाणारे विचारतात की वर्गणीचे केले काय?

ट्रंकवाला मुलगा जूनमध्ये परत आला. टाकीच्या झाकणाची किल्ली सध्या त्याच्याकडे असते.