नाथसागराच्या काठाने सायकलवरून

आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर गेली काही वर्षे जाड टायरच्या, गिअरच्या, मडगार्ड नसलेल्या सायकली दिसू लागल्या आहेत. त्यांना 'डोंगरी सायकल' म्हणतात. वास्तविक या सायकलींपैकी बहुतेकींनी स्टँडपासून क्रांती चौकापर्यंतचाच डोंगर पाहिलेला असतो! मी व माझे तीन मित्र गेले दोन हिवाळे या सायकली पैठणच्या नाथसागराच्या काठाने हिंडवीत आहोत. त्या काठाची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू.

प्रथम सायकलीविषयी थोडे. ही जात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जन्मली. तेथील काही हौशी तरुण जुन्या, वजनदार सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने भरधाव खाली सोडीत. त्यांची पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. योगायोग असा की त्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले होते. कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी बसविली होती. धरण आणि सायकल अशी ही दोन समवयस्क मंडळी आमच्या वाट्याला एकत्र आली.

परदेशात तळ्याकाठी सायकल फिरविण्याचे नाव निघाले की स्कॉटलंडचे नाव निघते. तेथे तळ्याला 'लॉख' म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध लॉख नेस. त्याच्या काठच्या डोंगरउतारावरून फोर्ट विल्यम ते इन्व्हर्नेस अशी आखलेली लांब वाट जाते. एकदा आखली, खुणेचे खांब रोवले, की काम झाले. नाथसागराला अशी वाट का आखता येत नाही, हे समजून घ्यायचे तर थोडे गणित करावे लागते. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. भागाकारापलीकडे ते जात नाही.

लॉख नेसचे क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस किलोमीटर, तर नाथसागर भरला म्हणजे सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. म्हणजे सहापटीहून मोठा. परंतु पाणी? लॉख नेसमध्ये सुमारे ७,४०० दशलक्ष घनमीटर, नाथसागरात २,९०९. ते ३५० चौरस किलोमीटरांवर वाटले तर सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर येते. लॉख नेस जागोजागी दोनशे मीटरहून खोल आहे. तात्पर्य, लॉख नेस हा रांजण आहे आणि आपला नाथसागर ही परात. रांजणातले पाणी वीतभर उतरले तरी काठ तेथेच राहतो. परातीतले बोटभर उतरले तर काठ कुठल्या कुठे जातो.

किती दूर जातो? जमिनीचा उतार दोनशे फुटांना एक फूट धरला, तर पाणी एक फूट ओसरताच दोनशे फूट जमीन उघडी पडते. धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट, आणि मृतसाठ्याची पातळी तिच्याखाली सुमारे सत्तावीस फूट. म्हणजे अशा उताराच्या ठिकाणी ऑक्टोबरचा काठ आणि मे महिन्याचा काठ यांत मैलाहून अधिक अंतर पडणार. आम्ही नोव्हेंबरमध्ये ज्या बाभळीला सायकली टेकवून पाण्यात पाय सोडले होते, तिच्यापासून मार्चमध्ये पाणी नुसते चकाकताना दिसत होते. येथे वाट दर महिन्याला नवी शोधावी लागते.

ती शोधायची कशी? पैठण रस्त्याने बिडकीन, ढोरकीन ओलांडून पैठणच्या अलीकडे पिंपळवाडीच्या बाजूला वळले की डांबर संपते आणि गाडीवाटा लागतात. शहरापासून पैठण पन्नास किलोमीटर, तेव्हा येथवर एस. टी. च्या टपावर किंवा टेम्पोत सायकली टाकून आणणे शहाणपणाचे. गावच्या नकाशावर बैलगाडीची वाट दुहेरी तुटक रेषेने व पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवितात, हे पुष्कळांना माहीत नसते. धरणापूर्वीचा नकाशा समोर घेतला तर यांतल्या कितीतरी रेषा आज पाणी असलेल्या जागेत सरळ चालत गेलेल्या दिसतात. कारण उघड आहे. त्या वाटा ज्या गावांना जात होत्या ती गावेच आता नाहीत. या जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावांची घरे आणि शिवारे गेली.

अशाच एका वाटेवर आमच्या सायकली पाण्याच्या कडेला थांबल्या. शेजारी हरभऱ्यात एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"मामा, ही वाट पुढे कुठे निघते?"

"आमच्या गावाला," ते म्हणाले. मग पाण्याकडे बोट करून, "ते बगळे बसलेत ना, तिथून थोडं पुढं. उन्हाळ्यात येऊन बघा, वेशीचे दगड दिसतेत."

म्हणजे आम्ही ज्याला सायकलीची वाट म्हणत होतो तो त्यांचा घरी जाण्याचा रस्ता होता. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही जमीन गाळपेर म्हणून हंगामापुरती कसली जाते आणि प्रकल्पात ज्यांची शेती गेली त्यांचा तिच्यावर पहिला हक्क मानला जातो. आपल्याला जी मोकळी मैदाने वाटतात ती कोणाची तरी पेरलेली शेते असतात. ओल्या वाफ्यावरून गेलेले एक चाक पाच-पंचवीस रोपे दाबून टाकते. स्कॉटलंडने २००३ मध्ये कायदा करून बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर पायी वा सायकलवरून जाण्याचा हक्क सर्वांना दिला. पण त्यातूनही पेरलेली जमीन वगळली आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. विचारून जावे, एवढेच. आम्हाला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. उलट एके ठिकाणी हुरडा मिळाला.

आता जमिनीच्या स्वभावाविषयी. नाथसागराचा काठ बहुतांशी काळ्या रेगडीचा. या मातीतली चिकण ओली झाली की फुगते व सुकली की आकसते. ओली असताना ती टायरला, ब्रेकला, साखळीला अशी चिकटते की शंभर पावलांत चाक फिरेनासे होते. मडगार्डची सायकल तर जागेवरच बसते. डोंगरी सायकलीचा खरा उपयोग येथे. लोक गिअरचे कौतुक करतात. खालच्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात ती जेमतेम दीड मीटर सरकते, तर साधी काळी सायकल पाच मीटरांहून अधिक जाते. म्हणून चढ सोपा होतो, हे खरे. पण या सपाट मुलखात मला गिअरपेक्षा रुंद टायर आणि चाकाभोवतीची मोकळी जागा अधिक मोलाची वाटते. जानेवारीनंतर, वाट सुकल्यावर, वडिलांची जुनी सायकलसुद्धा गाडीवाटेने छान जाते.

सुकलेल्या रेगडीला भेगा पडतात. चाकाला समांतर भेग आली तर ती टायर गिळते. तिला नेहमी आडवे ओलांडावे. पाण्यालगतचा गाळ अधिक फसवा. वर पापडी, खाली चिखल. गुरांचे ताजे खूर जेथे उथळ उमटले असतील तेथवरच जावे. खोल रुतलेले दिसले की मागे फिरावे. आणि चाकोरी! मराठीचे आमचे सर 'चाकोरीबाहेर' हा शब्द विचारांसंबंधी वापरतात. वाळलेल्या गाडीवाटेवर त्याचा मूळ अर्थ कळतो. बैलगाडीच्या चाकाने पाडलेल्या त्या खोल चरात सायकल शिरली की हँडल वळत नाही आणि पायडल कडेला घासते. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून चालवावे.

काटे दोन प्रकारचे. बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटा दिसत नाही. पंक्चरचे ठिगळ, सोल्युशन आणि पंप प्रत्येकाजवळ हवाच. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून पाहावे. मोडलेले टोक तेथेच राहिले तर नवे ठिगळ दहा मिनिटेही टिकत नाही.

हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. उथळपणा सायकलस्वाराला त्रासाचा, पण पक्ष्यांना तोच हवा असतो. गुडघाभर पाण्यात रोहित उभे राहून चरतात, हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. अभयारण्याच्या हद्दीत वाट सोडून शिरायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. धरणाच्या भिंतीवरही मोकळीक नाही. थव्यापासून दूर राहावे हे कोणीही सांगेल. मला टिटवीची आठवण द्यावीशी वाटते. ती मार्चपासून उघड्या जमिनीवर, चार खड्यांत, खड्यांसारखीच अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत फिरू लागली तर सायकलवरून उतरून, खाली पाहत, आल्या वाटेने परत जावे.

संपूर्ण जलाशयाला वेढा घालावा, असे आमच्या मनात आहे. पैठण, शेवगाव, नेवासे, प्रवरासंगम, कायगाव आणि परत शहर असा तो रस्ता दीडशे किलोमीटरहून अधिक होतो आणि बराचसा डांबरी आहे. त्यात काठ थोडाच दिसतो. काठ पाहायचा तर जानेवारी ते मार्च पिंपळवाडीकडे, पहाटे. एप्रिलनंतर ऊन सोसवत नाही. पुढे वर नाशिककडे पाऊस झाला की इकडे एक थेंब न पडताही पाणी चढू लागते, चाकांच्या खुणा, गाळपेरीचे बांध आणि ते वेशीचे दगड एकामागून एक बुडतात. तेव्हा आम्ही सायकली दौलताबाद, खुलताबादच्या घाटाने म्हैसमाळला नेतो. तेथे गिअरचाही उपयोग होतो.