खाडीस जागा परत देताना

खारबांध घालून समुद्रास अडविण्याची रीत कोकणातील शिक्षकांस परिचित आहे. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात, पॅरेट नदीच्या मुखाशी, स्टीअर्ट येथे सप्टेंबर २०१४ मध्ये याच्या उलट घडले : तेथील बांध मुद्दाम फोडण्यात आला.

समुद्राची पातळी चढत आहे. बांधाबाहेरचे खाजण (तेथे ते खाऱ्या गवताचे असते) मागे सरकू शकत नाही, आणि समुद्र व बांध यांच्या कैचीत नष्ट होते. मग लाटांचा जोर मोडणारे काही उरत नाही व सारा मारा बांधावर येतो. म्हणून आधी मागील बाजूस नवे बांध उभारले, मगच जुन्यास खिंड पाडली. पूर्वीच्या शेतांत भरती शिरली, गाळ बसला. वनस्पतींचे बीही बहुतांशी पाण्यानेच आणले. शेतजमीन गेली, ही किंमत लहान नव्हे.

लोकांस मात्र मज्जाव नाही. पायवाटा आखलेल्या असून पक्षी पाहण्यासाठी आडोशाच्या खोप्या आहेत. झरोक्यांतून पक्षी दिसतात, पक्ष्यांस माणूस दिसत नाही. चिखलात चोच खुपसून किडे टिपणाऱ्या पक्ष्यास पुढील भरतीपर्यंतच सवड असते. तेवढ्यात तो वारंवार उडविला गेला तर उपाशी राहतो.